बेहड्यातली बाळंतीण

“वैनी, तुमच्या देवीच्या राईत एक बाळंतीण बसलीय,” इंगवले पडवीच्या पायरीवर टेकत म्हणाला. “आत शिरली, आतून दार लिंपून घेतलं, आणि आता नवरा बाहेरून भरवतोय.”

मी दुकानात गुळाची ढेप फोडत होते. “बाहेरून भरवतो? मग आमच्या गावचा नवरा नसणार,” मी म्हटलं.

“गावचाच आहे. तुम्ही गरुड म्हणता तो. आमच्या पुस्तकात धनेश. तळीच्या वरच्या त्या थोरल्या बेहड्यात ढोली आहे बघा, तिथं.”

बेहडा म्हटल्याबरोबर माजघरातल्या झोपाळ्याची करकर थांबली.

“कुठला बेहडा?” आतून प्रश्न आला.

“बुंध्यावर कुणीतरी लाल पट्टा मारलाय, तो.”

“हं,” आतून उत्तर आलं आणि झोपाळा पुन्हा सुरू झाला. पण त्याची लय बिघडली होती. तो लाल पट्टा कुणी मारला आणि कुणाच्या हुकमाने मारला, हे आमच्या वाकेघोळीत इंगवले सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. हुकूम देणारे झोपाळ्यावर बसले होते.

मी यांना अध्यक्ष म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि जन्मभर नुसतं ‘अहो’ म्हणून माणसाला किती बोलावणार? ‘नवलाई देवी जीर्णोद्धार समिती’चे हे अध्यक्ष झाले आणि माझी सोय झाली. गावाचे ते तात्या. मुंबईच्या गिरणीत उमेद घालवून गावी परतलेले. तिकडे कुणी विचारलं नाही, त्याचा वचपा इकडे सगळ्यांनी विचारावं यात काढणारे. मी त्यांना दोष देत नाही. दुकान चालवणाऱ्या बाईला माणसं जोखायची सवय लागते, आणि मापात बसणारा नवरा मिळणं ही काही लहान गोष्ट नाही.

समितीचं म्हणणं असं होतं की देवीचं देऊळ म्हणजे कौलारू, लाकडी खांबांचं, पावसाळ्यात गळणारं. शेजारच्या गावाने स्लॅब घातला, फरशी घातली, शिखर उभारलं, आणि आमची देवी अजून कौलाखाली. मुंबईकर मंडळींनी वर्गणी जमवली होती, पण पुरी पडत नव्हती. मग कुणीतरी म्हणालं, देवीची राई आहे की. तिचीच झाडं, तिचंच देऊळ. शेजारी चहा प्यायला टेकलेल्या वखारवाल्याला हे फार पटलं. त्याने राईत फिरून जाडजूड बेहडे, किंजळ, ऐन हेरले आणि लाल रंगाचे पट्टे ओढले. रामनवमी झाली की तोड. पुढल्या शिमग्याला नव्या देवळाच्या दारात संगमरवरी कोनशिला, आणि तिच्यावर अध्यक्षांचं नाव. ती कोनशिला अजून खाणीतून निघायची होती, पण आमच्या घरात ती केव्हाच बसली होती. जेवताना तिच्यावरची अक्षरं सोन्याची की काळी, यावर चर्चा व्हायची.

राईत एरवी वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, असा आमच्या गावचा नेम. पण देवीने स्वतः हुकूम दिला तर गोष्ट वेगळी. आणि हुकूम शिमग्यात झाला होता. कौल लावला होता.

कौल म्हणजे काय, ते सांगते. गुरव देवीच्या पाषाणाला फुलाच्या दोन ओल्या कळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे प्रश्न मांडतो. आमच्या गावाचा मान बने घराण्याचा, म्हणजे यांचा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता ज्या पाषाणावर पिढ्यान् पिढ्या गुरव उजव्या हाताने तेल घालत आलेत, त्याची उजवी बाजू आरशासारखी गुळगुळीत होणार, हे उघड आहे. तिकडची कळी टिकतच नाही. गावात हे कुणी बोलत नाही. पण जो प्रश्न घालतो त्याच्याच बाजूने देवी बोलते, एवढा ताळा मी लग्न होऊन आल्यावर दोन-तीन शिमग्यांतच जमवला होता. शिमग्यात अध्यक्षांनी गाऱ्हाणं घातलं, “बाय, तुझं देऊळ बांधायला राईतली झाडं देणार असशील तर उजवी दे,” आणि बायने उजवी दिली. ती दुसरं काय देणार?

आता इंगवल्याबद्दल. श्रीकर इंगवले, कोल्हापूरचा. पाठीवर घर घेऊन फिरणाऱ्या गोगलगाईसारखा आला आणि आमच्या पडवीलगतच्या खोलीत राहिला. त्याचा धंदा काय, तर जिथे इवल्याशा जागेत अगणित जीव राहतात आणि ती जागा आज ना उद्या जाणार आहे, अशा ठिकाणी जाऊन फोटो काढायचे. जगात अशा जागा थोड्या उरल्यात, त्यांत आपला सह्याद्री आहे, असं तो सांगायचा. यात नफा कुठे, असं मी विचारलं तर हसला. हसणारं गिऱ्हाईक मला आवडतं, पण त्याला उधार देऊ नये.

त्याची काम करायची पद्धत मोठी मजेची. राईत त्याने हिरव्या जाळीचं आणि डहाळ्यांचं एक लपण केलं होतं, कोंबडीच्या खुराड्याएवढं. उजाडताच त्यात शिरायचा आणि दिवस मावळताना बाहेर यायचा. मी दिलेली भाकरी आत बसून खायचा. एकदा गुरव सोन्याबापू तिथे पानं गोळा करायला गेले तर झुडूप शिंकलं. त्यांनी दोन दिवस अंथरूण धरलं. तेव्हापासून इंगवल्याला नियम घालून दिला, की शिंक आली तर आधी खोकायचं, म्हणजे माणूस आहे हे कळेल.

लाल पट्ट्याचा अर्थ त्याला मीच सांगितला. त्याचा घास हातात राहिला.

“वैनी, ती बाहेर येऊ शकत नाही. आत बसली की तिची पिसं झडतात. उडताच येत नाही. झाड पडलं तर ती आणि पिल्लं झाडाबरोबर.”

“समितीपुढे बोल,” मी म्हटलं. “तुझ्याकडे पुस्तकं आहेत, त्यांच्याकडे खुर्च्या आहेत. जमेल.”

तो बोलला. देवळासमोर समिती बसली आणि इंगवल्याने जग त्यांच्यापुढे उभं केलं. ही राई किती जुनी, इथलं पाणी कसं मुरतं, धनेश फळं खाऊन बिया कुठे कुठे टाकतो, तो गेला तर कुठली झाडं उगवायची थांबतील, अशा राया आता किती कमी झाल्या. फार सुरेख बोलला. समितीने मान डोलावून ऐकलं. मग उठून त्याला शाल आणि नारळ दिला, आभार मानले, आणि पुढच्या विषयाला हात घातला. पुढचा विषय होता, तोडीसाठी येणाऱ्या माणसांची जेवणाची सोय कुणाकडे.

इंगवले शाल खांद्यावर टाकून परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

“नारळ कुठे आहे?” मी विचारलं.

“हा घ्या. पण वैनी, त्यांनी एक शब्द खोडून काढला नाही हो. भांडले असते तर बरं झालं असतं.”

“पुरुषांपुढे जग ठेवलंस,” मी नारळ हलवून पाण्याचा अंदाज घेत म्हटलं. “जग त्यांना नेहमीच पटतं. तुझ्या त्या कॅमेऱ्यातलं टीव्हीवर दिसतं का?”

“वायर आहे.”

“मग उद्या दुपारी घरी थांब. एक दिवस बाळंतिणीकडे नको जाऊस, तिच्या मालकावर भरवसा ठेव.”

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पापड लाटायला बायका येणार होत्या. हे मी मुद्दाम जमवलं नव्हतं, चैत्रात त्या येतातच. टीव्ही मात्र मी आदल्या दिवशी भिंतीकडून उचलून माजघराच्या मधोमध आणला होता.

पोळपाटं मांडली, लाटणी सुरू झाली, आणि इंगवल्याने वायर जोडली. पडद्यावर बेहड्याचा खरबरीत बुंधा आला. त्यात एक चिंचोळी फट. फटीतून चोचीचं टोक तेवढं बाहेर. मग काळापांढरा दांडगा पक्षी येऊन बुंध्याला बिलगला. पिवळीधमक चोच, तिच्यावर टोपी ठेवल्यासारखी. गळ्यातून त्याने एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकावर आणलं आणि फटीत दिलं. मग दुसरं. मग तिसरं. गळ्यात किती साठवून आणली होती कुणास ठाऊक, काढतोय आणि देतोय, काढतोय आणि देतोय.

लाटण्यांचा आवाज मंदावला.

“हा किती दिस असा घालतो?” शालनने विचारलं. तिचा नवरा समितीचा खजिनदार.

“ती आत बसल्यापासून पिल्लं मोठी होईपर्यंत. अडीच-तीन महिने तरी.”

“आणि कंटाळत नाय?”

“मी तरी कंटाळलेला पाहिला नाही, काकी.”

शालनने लाटणं खाली ठेवलं. “आमच्या ह्यांना एक दिवस भात वाढून घ्या म्हटलं तर भांडं गावत नाय.”

बायका हसल्या. मग एकेकीची आठवण निघाली. एकीच्या बाळंतपणात नवरा तमाशाला गेला होता. एकीच्या नवऱ्याने खारीक-खोबरं आणलं आणि वाटेत अर्धं खाल्लं. माझी पाळी आली तेव्हा मीही हात राखला नाही. आमच्या थोरलीच्या वेळी हे मुंबईला. आज येतो, उद्या येतो, करता करता आले तेव्हा पोरगी रांगत होती, यांना बघून भोकाड पसरून आजीच्या मागे लपली. येताना फ्रॉक आणला होता, तो दंडात शिरेना. डिंकाचा लाडू बाळंतिणीने नवऱ्याच्या हातचा एक तरी खावा म्हणतात. माझा अजून यायचाय.

हे मी हसत सांगितलं. सांगून सांगून त्याची गोष्ट झाली होती.

येसूआत्या मात्र हसत नव्हती. येसूआत्या म्हणजे गावची सुईण, अर्धं गाव तिच्या हातात पहिल्यांदा रडलेलं. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली होती.

“हिला न्हाणं नाय? शेक नाय?” तिने विचारलं.

“नाही, आत्या. पिसं पण झडलीत तिची.”

“म्हंजे अंगावर कपडा नाय बिचारीच्या.” आत्याने पडद्यावरच्या फटीवर बोट ठेवलं. “हे कुठल्या झाडात?”

इंगवल्याने एक बटण दाबलं. त्याच बुंध्याचा लांबून घेतलेला फोटो आला. खाली लाल पट्टा.

“शालन,” येसूआत्या सावकाश म्हणाली, “आपल्यात बाळंतिणीच्या अंगणात लाकूड फोडतात का गो?”

“नाय. लांब नेऊन फोडतात.”

“आणि घरात सोयर असलं तर देवाचं काम काढतात?”

घरात मूल जन्मलं की सोयर लागतं, ते फिटेपर्यंत देवाधर्माच्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही ठाऊक.

“राई देवीचं घर,” येसूआत्या उठत म्हणाली. “घरात बाळंतीण. म्हंजे देवीला सोयर. आणि हे तिचं देऊळ पाडाया निघालेत. कोण गो ते अध्यक्ष?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पापड उलटला.

संध्याकाळपर्यंत गावातल्या एकाही समिती सदस्याला ताट वाढलेलं मिळालं नाही, असं म्हणतात. आमच्याकडे मिळालं. मी अन्नावर राग काढत नाही. मी नुसतं म्हटलं, “उंबर नाहीत, आमटी आहे. चालेल का?”

अध्यक्षांनी मान वर केली नाही. “बायकांना भडकवलंस.”

“मी टीव्ही लावला. रोजच लावते.”

“मुंबईकर सगळे येऊन बसलेत रामनवमीला. वखारवाल्याचा ट्रक सांगून ठेवलाय. आता एका पाखरापायी मी तोंडावर पडू? पुढल्या वर्षी मला कोण विचारील?”

ते खरं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा या माणसाला लोक विचारत होते, आणि ते पाखरू नेमकं त्याच खुर्चीखाली घरटं करून बसलं होतं. मला दया आली, पण थोडी. जास्त दया दाखवली की हे जेवत नाहीत.

बायकांनी येसूआत्याला पुढे घालून सभा मागितली. समितीने दिली, कारण घरोघरी आमटी पातळ होत चालली होती. परवा दुपारी देवळात सगळे जमायचे, असं ठरलं.

मधल्या दिवशी तसं काहीच घडलं नाही. हे सकाळीच “वाडीत जाऊन येतो” म्हणून निघून गेले. इंगवले लपणात. संध्याकाळी मी फडताळातला डबा उघडला. आमची थोरली डोंबिवलीला दुसऱ्या खेपेला बाळंत झाली होती, तिला पाठवायला मी डिंकाचे लाडू करून ठेवले होते. वरचा थर मी स्वतः रचलेला, आणि त्यात मधोमध भोक.

“इंगवले,” मी हाक मारली, “तुला भाकरी कमी पडते का?”

“नाही, वैनी.”

“मग बाळंतिणीच्या लाडवाला हात का लावलास? मागितला असतास तर दिला असता.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष पायाला लागलेला चिखल मोठ्या काळजीने पुसत होते.

“चुकलं, वैनी,” इंगवले म्हणाला. “वास फार चांगला येत होता.”

एवढा शिकलेला माणूस आणि लाडू चोरतो, याची मी मनात नोंद घेतली. पण वासाचं कौतुक केल्याने अर्धी शिक्षा माफ केली.

सभेला देऊळ भरलं होतं. बायका सभामंडपाच्या बाहेर, कट्ट्याला टेकून. येसूआत्याने आपलं म्हणणं मांडलं. मुंबईकरांपैकी एकजण हसला, आणि त्याच्याच आईने मागून “गप रं” म्हणून त्याला बसवलं. मग अध्यक्ष उठले.

“आत्या, गोठ्यात गाय व्याली तर आपण घरात सोयर पाळतो काय?”

पुरुषांत समाधानाची कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता. मलाही क्षणभर आमच्या यांचं कौतुक वाटलं.

“नाय पाळत,” येसूआत्या म्हणाली. “गाय तुझी, गोठा तुझा, तू ठरीव. ही कोणाची रे, दत्ताराम? तू बांधलास हिचा गोठा? जिच्या घरात आलीय तिला इचार.”

“विचारलंय की. शिमग्यात कौल झालाय.”

“तेव्हा बाळंतीण हाय हे सांगितलं व्हतंस देवीला?”

सोन्याबापू गुरवांनी घसा साफ केला आणि म्हणाले, परत कौल लावायला हरकत नाही, पाहिजे तर.

मी बाहेरून समितीचे चेहरे पाहत होते. ते खुलले होते. कौल म्हणजे उजवी, उजवी म्हणजे तोड. देवीनेच सांगितलं म्हटल्यावर बायकांनाही बोलता येणार नाही. खजिनदाराने तर वखारवाल्याला खूणही केली, थांब म्हणून. कट्ट्याशी उभा असलेला इंगवले मात्र पांढरा पडला होता. कौलाचा ताळा मी त्याला आदल्या आठवड्यात गंमत म्हणून सांगितला होता.

सोन्याबापूंनी तांब्यात कळ्या बुडवल्या आणि देवीच्या दोन्ही अंगांना लावल्या. अध्यक्ष पुढे झाले. टोपी सारखी केली, हात जोडले.

“बाय नवलाई, चारी वाटांची राखणदारीण...”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“तुझ्या राईत, तुझ्या पदराआड, एक लेकुरवाळी बसलीय...”

“होय म्हाराजा.”

इथे अध्यक्ष थांबले. शब्द आठवत नसावेत असं मला वाटलं. उन्हात फिरून आलेला माणूस. मग म्हणाले, “ती सुखरूप बाहेर निघेपर्यंत तुझ्या राईला कुऱ्हाड लागू द्यायची नसेल, तर बाय, उजवी दे.”

“होय म्हारा...” एवढं म्हणून लोकांचा आवाज मध्येच अडला. खजिनदाराने कपाळाला हात लावला. कुणीतरी “तात्या, उलटा घातलात,” असं पुटपुटलं. पण गाऱ्हाणं घालून झालं होतं, आणि देवीपुढे बोललेला शब्द परत घेता येत नाही.

उजवी कळी घरंगळली आणि पाषाणाच्या पायाशी पडली. तिला काय, ती नेहमीप्रमाणे पडली.

वखारवाला आगाऊ दिलेला विसार परत मागून गेला. मुंबईकर रागावून गेले. गावात महिनाभर एकच विषय होता, की तात्यांनी देवीपुढे प्रश्न उलटा घातला. मी तर त्यांना धारेवर धरलं. एवढी वर्षं गाऱ्हाणं घालता, आणि ऐन वेळी जीभ फिरली? हे म्हणाले, “आली तशी घातली.” तेव्हापासून आमच्या घरात एक म्हणच झाली. यांनी पाहुण्यांना उलट वाटेने पाठवलं, शर्टाची बटणं खालीवर लावली, चहात मीठ घातलं, की मी म्हणायची, “घातला अध्यक्षांनी उलटा कौल.” हे कधी उत्तर देत नसत. चूक कबूल आहे, असा मी अर्थ काढला. मला सोयीचा अर्थ होता.

मेअखेरीस बाळंतीण बाहेर आली. इंगवल्याने धावत येऊन सांगितलं आणि येसूआत्याने घुगऱ्या शिजवायला लावल्या. राईच्या बाहेर, तळीच्या काठी बायकांनी बारसं केलं. नाव ठेवायचं म्हणून वाद झाला, कारण पिल्लू मुलगा की मुलगी हे इंगवल्यालाही सांगता येईना.

त्यानंतरची गंमत अशी, की उलट्या कौलाने जुना हुकूम मोडला, आणि मोठ्या कामाचा नवा कौल आमच्यात शिमग्यातच लागतो, सगळे मानकरी तेव्हाच गावात असतात. आणि शिमगा येईपर्यंत ती दरवर्षी आत जाऊन बसलेली असते. समितीने पुढे दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा येसूआत्याने विचारलं, “बाळंतीण निघाली काय?” आणि अध्यक्षांनी मागल्याच वर्षीचं गाऱ्हाणं घातलं, शब्द न् शब्द तसंच. एकदा चुकलं म्हणजे तसंच म्हणायचा पायंडा पडला, असं त्यांचं म्हणणं. मग विषय निघेनासा झाला. देवळाची कौलं बदलली, कुजका खांब बदलला. कोनशिला बसली नाही. येसूआत्या आता नाही. राई आहे. बेहड्याच्या बुंध्यावरचा लाल पट्टा शेवाळाने खाल्ला.

गेल्या माघात इंगवले आला. बऱ्याच वर्षांनी. डोकं सगळं पांढरं, पाठीवरचं घर मात्र लहान झालेलं. म्हणाला, जुने सगळे फोटो नीट लावतोय, इथले तुम्हाला दाखवायचेत, तुमच्याच टीव्हीवर. मी टीव्ही मधोमध घेतला. अध्यक्ष झोपाळ्यावर होते. कान थोडे गेलेत, करकर तशीच आहे.

बुंधा आला, फट आली, उंबर देणारा नवरा आला. मी शालनचं बोलणं आठवून हसत होते. इंगवले एकामागून एक पुढे नेत होता, आणि मध्येच एक फोटो आला तसा तो गडबडला. बटण चाचपडू लागला.

“हा राहू दे, हा चुकून आलाय.”

“थांब,” मी म्हटलं.

बेहड्याच्या मुळाशी एक माणूस बसला होता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, मान मागे टाकून वर ढोलीकडे बघत असलेला. तोंड थोडं उघडं. टीव्हीपुढे पापड लाटताना शालनचं होतं तसं. पायाला चिखल. शेजारी मुळावर एक पळसाचं पान, आणि पानावर काहीतरी गोल.

झोपाळा थांबला.

“हा कधीचा रे?” मी विचारलं.

“कौलाच्या आदल्या दिवसाचा,” इंगवले टीव्हीकडे बघत म्हणाला. “मी लपणात होतो. तात्यांना ठाऊक नव्हतं. अर्धा दिवस बसले होते, वैनी. तो आला की मान वर, तो गेला की मान खाली.”

“आणि लाडवाचा आळ तू अंगावर घेतलास?”

“लपणात बसून पाखरं बघायची, माणसं नाहीत, असा माझा नेम आहे. त्या दिवशी बोट दाबलं गेलं. पण दाखवायचा नाही असं ठरवलं होतं.”

मी फोटोकडे पाहिलं. मग उजवी कळी आठवली, तिच्याआधीचा तो थांबलेला क्षण आठवला, आणि ‘उलटा कौल, उलटा कौल’ म्हणून या माणसाला मी इतकी वर्षं टोचलं त्याला त्याने एकदाही उत्तर का दिलं नाही, ते आठवलं. सगळ्या गावाचा ताळा जमवणारी बाई मी, आणि घरातला आकडा चुकीच्या रकान्यात.

“गरुड लाडू खातो होय?” मी झोपाळ्याकडे न बघता विचारलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढे वाकून फोटो नीट पाहिला.

“लाडू बारीक दिसतोय यात,” ते म्हणाले. “चांगला मोठा होता.”

मी उठले. थंडीचे दिवस, फडताळात डबा होताच. तो आणून झोपाळ्याच्या पाटावर ठेवला आणि झाकण काढलं. इंगवले वायर गुंडाळण्यात एकदम फार गुंतला.

अध्यक्षांनी डब्यात हात घातला. वरचा थर सोडून खालचा, चांगला मोठा लाडू शोधून काढला. मला वाटलं खातील. त्यांनी हात लांब केला आणि तो माझ्या तोंडापुढे धरला.

“फार उशीर केलात,” मी म्हटलं, आणि तोंड उघडलं.